बसून गवत कापायचं यंत्र

सुनीतीच्या धाकट्या बहिणीचं, लीनाचं, नागपूरला लग्न झालं आणि भालचंद्र सबनीस रजा मिळत नाही म्हणून मेहुणीच्या त्या लग्नाला गेले नाहीत, ते साल एकोणीसशे त्रेपन्न. साल पक्कं आहे. सबनिसांच्या सासुरवाडीने ते पुढे कित्येक वर्षं कुणाला विसरू दिलं नाही. त्याच साली सप्टेंबरात सबनिसांनी गवत कापायला तीन दिवसांची रजा घेतली, ही बातमी नागपूरला पोचल्यावर तिकडे काय काय बोललं गेलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण गवताचं प्रकरण वाटतं तितकं साधं नव्हतं.

सबनीस केंद्र सरकारच्या पुरवठा खात्यात अधिकारी होते. कचेरी कलकत्त्यात एस्प्लनेडला, आणि खुर्ची पंख्याच्या थेट खाली, यावरून त्यांचा दर्जा काय तो समजावा. बिऱ्हाड मात्र भवानीपूरला दोन खोल्यांत. त्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ चाळीस घरांच्या चाळीस कोळशाच्या शेगड्या एका वेळी पेटत आणि त्यांचा सगळा धूर ठरल्यासारखा सबनिसांच्या जिन्याने वर येई. वर कालिंदीआत्या बसलेल्या असत. सबनीस सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून या आत्याने त्यांना वाढवलं होतं, आणि वाढवण्याचं काम पूर्ण झालंय असं तिला अजून वाटत नव्हतं. त्यातून तिला दमा. चार शब्द बोलली की थांबावं लागे. त्यामुळे तिची बोलणी हप्त्याहप्त्याने येत. "भाल्या, तू तुझ्या बापासारखाच..." इथे ती खिडकीची कड धरून श्वास घेई, आणि पुढचा शब्द येईपर्यंत सबनीस ट्रामच्या थांब्यावर पोचलेले असत. पण ट्रामच्या थांब्यावर उभं राहूनही त्यांना तो श्वास ऐकू येई, आणि ते काही सुखाचं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, "औषधं पुष्कळ झाली. यांना नदीकाठची हवा द्या."

नदीकाठची हवा सरकारी माणसाला अर्ज करून मिळते. सबनिसांनी अर्ज केला, त्यावर स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राचं स्मरण दिलं, आणि लीनाच्या लग्नाच्याच आठवड्यात बराकपूरचा एक बंगला त्यांच्या नावावर निघाला. कुणी इंग्रज साहेब तो सोडून विलायतेला गेला होता. पुढे व्हरांडा, व्हरांड्यापुढे फुटबॉल खेळता येईल एवढं मैदान, आणि मैदान उतरत उतरत थेट गंगेच्या घाटापर्यंत. ताबा मात्र तात्पुरता. तीन महिन्यांनी तपासणी होणार, सगळं ठीक निघालं तर बंगला कायम, नाहीतर यादीतला पुढचा अधिकारी हजर होता. आत्या पहिल्या दिवशी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या, आणि महिनाभरात एका दमात आठ शब्द बोलू लागल्या. सबनिसांनी मोजले होते. आता या बाईला परत त्या जिन्याच्या तोंडाशी नेऊन बसवायची वेळ आली तर आपण काय करू, हा विचार ते मनात येऊ देत नव्हते, म्हणून तो दिवसातून दहा वेळा येत होता.

ताबा घेताना बंगल्यातल्या वस्तूंची यादी होती. एकशे बारा वस्तू. खुर्च्या, बादल्या, साहेबाच्या मडमेचं आइस्क्रीमचं भांडं, सगळं. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'आधी पाहा, मग मोजा, मग सही करा' हे वाक्य पुरवठा खात्यात सबनिसांच्या नावाने ओळखलं जाई. नव्या कारकुनांना ते उभं करून हे वाक्य म्हणायला लावत. तर त्या दिवशी पाऊस कोसळत होता, आत्यांचं सामान भिजत होतं, आणि सबनिसांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या, न पाहता आणि न मोजता, यादीच्या शेवटी झोकात सही ठोकली.

वस्तू क्रमांक सत्त्याण्णव अशी होती: 'गवत कापण्याचे यंत्र, पेट्रोलवर चालणारे, बसून चालवायचे, एक. चालू स्थितीत.'

ऑगस्टच्या शेवटी तपासणीचं पत्र आलं. अठरा सप्टेंबर, सकाळी दहा. सर्व वस्तू चालू स्थितीत दाखवाव्यात, मैदान कापलेलं असावं. तेव्हा कुठे सबनीस मागच्या छपरीत शिरले.

यंत्र होतं. म्हणजे कोंबड्यांनी बसायला वापरलेली लोखंडाची एक मोठी वस्तू होती. पुढे गवत गोळा करायची पत्र्याची पेटी, तिच्यामागे वाकड्या पात्यांचा पिंजरा, त्यावर इंजिन, इंजिनाच्या मागे सायकलसारखे पण हत्तीच्या सायकलला शोभतील असे दोन दांडे, आणि सगळ्यात मागे एका रुळावर बसवलेली लोखंडी बैठक, तिला भोकं पाडलेली. बैठकीवर कोंबडी होती. तिने सबनिसांकडे असं पाहिलं, की हेच अनधिकृतपणे आत शिरलेत.

"दोन माणसं बोलवा आणि विळ्यांनी कापून घ्या," सुनीती म्हणाली. "एका दिवसाचं काम."

"गवताचं झालं. सत्त्याण्णवचं काय?"

"बिघडलंय म्हणून कळवा."

"मी चालू आहे म्हणून सही केलीय."

"मग दुरुस्तीचा अर्ज करा."

सबनीस तिच्याकडे दयेने बघत राहिले. संसारात पडलेल्या माणसांना सरकार कळत नाही. "सुनीती, दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची होते. ही वस्तू कागदावर चालू आहे. चालू वस्तू दुरुस्त करायला पैसे कोण मंजूर करील? आणि ती बिघडलीय म्हटलं तर ती माझ्याच ताब्यात बिघडली."

"पण बघितल्याशिवाय सही केलीत कशी तुम्ही? तुमचं ते वाक्य..."

"पाऊस होता," सबनीस म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांनी एकट्याने ठरवलं.

यंत्र चालू करायचं ठरलं. बातमी फुटायला एक दिवस पुरला. शेजारचे भादुडीबाबू सकाळीच कुंपणाशी आले. हे चटकलात, म्हणजे तागाच्या गिरणीत, सदतीस वर्षं काढून निवृत्त झालेले आणि आता घरच्या घरी होमिओपॅथी करणारे गृहस्थ. त्यांची बोलणी बंगाली वळणाच्या हिंदीत होत, इथे ती मराठीत दिली आहेत.

"सबनीस मोशाय, घाई करू नका. आधी लक्षणं लिहून काढा. यंत्र सकाळी जास्त अडतं की संध्याकाळी?"

"ते अजून चालूच झालेलं नाही."

"हां. म्हणजे जुनाट आहे," भादुडीबाबू म्हणाले आणि समाधानाने मान हलवत गेले.

दुसरे सल्लागार गुरुदत्त केंकरे. यांचे आजोबा कलकत्त्याला आले, वडील इथे जन्मले, हेही इथलेच. बँकेत मोठ्या जागेवर. मराठी घरात बोलण्यापुरती उरलेली, आणि त्यात "सबनीस, जरा पाणी खातो हं" असलं काही ऐकू आलं की सुनीतीला पदर तोंडाला लावून आत जावं लागे. केंकरे रविवारी सियालदहहून गाडीने मुद्दाम आले. त्यांच्या क्लबाच्या क्रिकेटच्या मैदानावर असलंच यंत्र होतं आणि त्यावर बसणाऱ्या माळ्याला ते नावाने ओळखत, एवढ्या अधिकाराने त्यांनी यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"हे बघा, मरायचं नसेल तर चार गोष्टी. आधी मैदानातले दगड उचला, नाहीतर ते पात्यातून गोळीसारखे येतात. मग तेल बघा, पेट्रोल बघा. मग हा क्लचचा दांडा वर पाहिजे. वर म्हणजे सुटा, खाली म्हणजे यंत्र चाललं. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूने ठेवा, हँडलला विळखा घालू नका. उलटं फिरलं ना, तर अंगठा जातो. आमच्या माळ्याचा गेला."

"कायमचा?"

"नाही, आहे, पण दिशा बदलली."

केंकऱ्यांच्या चार गोष्टी ऐकून घेऊन तशाच पाळल्या असत्या, तर सबनीस अधिकारी कसले? त्यांनी रात्र घालवून त्यांचं परिपत्रक केलं. 'गवतयंत्र सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता'. अकरा कलमं, तिसऱ्याला तीन पोटकलमं. 'कलम तीन (अ): चालकाने प्रत्येक वेळी टाकीचे झाकण उघडून पेट्रोलची पातळी काडीने स्वतः तपासावी. कलम सात: क्लचचा दांडा वर असल्याची खात्री दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावी.' असं ते सुरेख लिहून छपरीच्या दाराला डकवलं. त्या दारातून यंत्र बाहेर येईना म्हणून दुसऱ्या दिवशी दारच काढून ठेवावं लागलं, परिपत्रकासकट.

मग सबनिसांनी स्वतः हँडल मारलं. कलमाबरहुकूम, अंगठा बाजूला ठेवून. पहिल्यांदा काही झालं नाही. दहाव्यांदा काही झालं नाही. पंचविसाव्या वेळी यंत्राच्या धुराड्यातून उंदराचं सबंध घरटं, गवत आणि चिंध्यांसह, फस्सकन बाहेर पडलं आणि पाठोपाठ स्वतः उंदरीणबाई चालत बाहेर आल्या. सबनिसांना खांदा हलवता येईना. भादुडीबाबूंनी कुंपणावरून अर्निकाच्या चार गोळ्या दिल्या. दोन सबनिसांना, दोन टाकीत टाकायला. टाकीतल्या सबनिसांनीच खाल्ल्या.

शेवटी निताई मिस्त्री आला. हा घाटावरच्या लाँचांची इंजिनं बघायचा. एका कानामागे विडी, दुसऱ्या कानामागे पेन्सिल, आणि पेन्सिल कधी वापरलेली कुणी पाहिली नव्हती. आत्यांनी पापड वाळत घालायला काढलेली स्वच्छ चादर त्याने न विचारता जमिनीवर पसरली आणि तिच्यावर यंत्राची आतडी मांडली.

"ए, माझी चादर!" आत्या व्हरांड्यातून ओरडल्या. मग थांबून श्वास घेतला. "मेल्याचे हात बघा!"

"माँ, चादर धुऊन निघेल," निताई म्हणाला. "काब्रेटर धुळीत पडला तर निघणार नाही."

सहा दिवस तो खोलत होता आणि सहा दिवस जोडत होता. सोळा तारखेला सगळं जोडून झाल्यावर चादरीवर एक वस्तू उरली. आठ आण्याएवढी पितळी जाळी, मधे फाटलेली.

"हे कुठलं?" सबनिसांनी विचारलं.

"टाकीच्या तळातलं गाळणं. गेलंय ते. लागत नाही. पेट्रोल का चहा आहे, गाळून घ्यायला?"

सबनिसांना उरलेली वस्तू आवडली नाही. कागदावर काही उरलं की हिशेब चुकलेला असतो हे त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यात निताईने हँडल मारलं आणि यंत्र सुरू झालं. काय तो आवाज! घाटावरचे कावळे उडाले, भादुडीबाबूंच्या घरात कुणाच्या तरी हातून कपबशी पडली, आणि सबनीस त्या भोकांच्या बैठकीवर असे चढले, की सुनीतीला लग्नातला घोडा आठवला. क्लच खाली केला. यंत्र सहा हात चाललं. सहा हात गवत सटासट कापून पेटीत पडलं. आणि निताईने यंत्र बंद केलं.

"अरे, बंद का केलंस? अजून उजेड आहे!"

"झालं बाबू. उद्या विश्वकर्मापूजा. आज यंत्राला आंघोळ, उद्या पूजा. उद्या सगळ्या बंगालात कुणी हत्याराला हात लावणार नाही. तुम्हीही लावायचा नाही. परवा पहाटे येतो, नऊच्या आत मैदान साफ. साहेब तर दहाला येणार."

सबनिसांनी विनवलं, रागावले, परिपत्रक दाखवलं. निताई ऐकून घेत यंत्र पुसत राहिला. देवाच्या रजेपुढे कुठल्याही सरकारी कामाची निकड चालत नाही. दैवत कारागिरांचं, आणि कारागिरांचं म्हणून ते जरा जास्तच कडक.

सतरा तारखेला आभाळ पतंगांनी भरलं. तिकडे पतंग या पूजेलाच उडतात. सबनीस व्हरांड्यातून न कापलेल्या गवताकडे बघत होते आणि त्यात कटलेले पतंग येऊन पडत होते. निताई घाटावरच्या मांडवात गळ्यात हार घालून बसला होता, स्वतःच देव असल्यासारखा.

"भाल्या," आत्या म्हणाल्या, "या यंत्राची पूजा त्या निताईने केली. घर कुणाचं?"

"सरकारचं," सबनीस म्हणाले.

"चूल कुणाची पेटते? आपली. म्हणजे यंत्र आपलं. आपल्याकडे खंडेनवमीला होतं ते आज करायचं, देव काय तारखा बघतो? सुनीती, हळदकुंकू आण, अक्षता आण. अक्षतांना कुंकू लाव जरा नीट."

सबनिसांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण आत्यांच्या दम्यावर होता. वाद घातला तर खोकला येईल म्हणून ते यंत्राजवळ जाऊन उभे राहिले. सुनीतीने यंत्राला पाच ठिकाणी हळदकुंकू लावलं. नारळ कुठे फोडायचा यावर चर्चा झाली. आत्यांचं मत पात्यांवर पडलं, सबनिसांचं दगडावर. दगडावर फुटला. मग उगाच उभं राहण्यापेक्षा काहीतरी कायदेशीर करावं म्हणून सबनिसांनी, कलम तीन (अ) प्रमाणे, टाकीचं झाकण काढून काडीने पेट्रोल बघायला घेतलं.

"अरे, काडी काय घालतोस, नमस्कार कर!" आत्या ओरडल्या. "डोळे मिट!"

कुंपणापाशी भादुडीबाबू बघत होते. यंत्राला हात जोडताना आपल्याला कुणी बघतंय हे बघायला नको, म्हणून सबनिसांनी डोळे घट्ट मिटले. आत्यांनी काहीतरी पुटपुटत मूठभर अक्षता यंत्राच्या डोक्यावर टाकल्या. सबनिसांनी डोळे उघडले, झाकण घट्ट लावलं आणि मनातल्या मनात कलम पूर्ण झाल्याची नोंद केली.

अठराला पहाटे पाचला सबनीस तयार. मैदानातले पतंग, दगड आणि मांजाचे गुंते उचलून झाले. निताई सहाला येणार होता तो आठला आला, लाल डोळ्यांनी, पूजा चांगलीच झाली होती. हँडल मारलं, यंत्र लागलं, पाच हात चाललं आणि खोकून बंद पडलं. पुन्हा मारलं, तीन हात चाललं. तिसऱ्यांदा जागेवरच आचका दिला.

"प्लग," निताई म्हणाला. प्लग काढून, पुसून, फुंकर मारून बसवला. नाही. "मॅग्नेटो," म्हणाला. नाही.

"आता लक्षणं स्पष्ट झाली," भादुडीबाबू आनंदाने म्हणाले. "चालताना धाप लागते!"

हे ऐकून व्हरांड्यातल्या आत्यांनी मान फिरवली. सबनिसांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. सियालदहची गाडी आली असणार. उद्या याच वेळी आपण भवानीपूरच्या घरमालकाकडे जुन्या खोल्या मागायला उभे असू, आणि तो भाडं वाढवून देईल, आणि संध्याकाळी शेगड्या पेटतील. तेवढ्यात निताईने काब्रेटर उघडला आणि तळहातावर उलटा केला. पेट्रोलबरोबर दोन लालसर तांदूळ पडले. नळी काढून फुंकली, आणखी तीन पडले. टाकीच्या तळाशी तर पंगत बसेल एवढे होते.

निताईने तळहाताकडे आणि मग सबनिसांकडे पाहिलं. "बाबू, पुलाव?"

"पुलाव काय म्हणतोस, मेल्या!" आत्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आल्या. "अक्षता आहेत त्या. पूजेच्या!"

आता निताईची अडचण झाली. पूजेच्या म्हटल्यावर फेकता येईनात. त्याने ते दाणे एक एक करून कपाळाला लावले, मग धोतराच्या सोग्यात बांधले, टाकी काढून तिच्यातले दाणे काढले, तेही बांधले. त्याची ती भक्ती बघताना सबनिसांना उभ्या आयुष्यात आला नव्हता असा राग आला, पण कुणावर काढायचा ते सुचेना. झाकण कुणी उघडं ठेवलं होतं? कलम तीन (अ) ने.

याच वेळी फाटकातून तपासणीचे मल्लिकसाहेब आले. बुटके, घामेजलेले, काखेत यादी, हातात आकड्याच्या मुठीची काळी छत्री. त्यांनी एकपासून मोजायला सुरुवात केली. खुर्च्या मोजल्या, बादल्या उलट्या करून बघितल्या, आइस्क्रीमच्या भांड्याची मूठ फिरवून बघितली. सुनीतीने चहा दिला, शंकरपाळे दिले, पुन्हा चहा दिला. दर वस्तूला ते यादीवर खूण करीत आणि सबनीस मैदानातून येणाऱ्या पान्याच्या आवाजाकडे कान लावून उभे. शहाण्णव झालं.

"सत्त्याण्णव. बसून चालवायचं गवतयंत्र. हे चाललेलं मी प्रत्यक्ष बघणार. आणि सबनीसबाबू, मैदान कापलेलं नाही."

"ते आता तुमच्यासमोरच कापायचं होतं," सबनीस म्हणाले. आयुष्यात ते इतक्या सफाईने कधीच खोटं बोलले नव्हते.

यंत्र मैदानाच्या वरच्या टोकाला उभं होतं, तोंड नदीकडे. सबनीस बैठकीवर बसले. निताईने हँडल घातलं. वेग कमी-जास्त करायची खटकी सैल झाली होती, ती त्याने सुतळीने बांधून टाकली होती, पूर्ण वेगावर. सबनिसांनी क्लचचा दांडा वर आहे हे पाहिलं. निताईनेही पाहिलं. दोन व्यक्तींनी, स्वतंत्रपणे. आणि मल्लिकसाहेबांना यादीवर लिहायला दोन हात हवे होते, म्हणून त्यांनी छत्री अडकवायला जागा शोधली आणि सगळ्यांत सोयीचा दांडा बघून तिची मूठ त्यात अडकवली.

निताईने हँडल मारलं. यंत्र भडकलं. सगळं थरथरलं, छत्रीच्या वजनाने दांडा हळूच खाली आला, आणि सबनीस निघाले.

ते ओरडले का, हे कुणी ऐकलं नाही, यंत्र जोरात ओरडत होतं. त्यांनी दांडा वर करायला हात घातला, हाताला छत्री आली, आणि ती त्यांच्या तोंडासमोर फटकन उघडली. आता पुढे काळं कापड, खाली भोकांची बैठक आणि उतार नदीकडे. सटासट गवत उडत होतं. मागे मल्लिकसाहेब यादी हवेत हलवत धावत होते. "आमार छाता! छाता!" त्यांच्या मागे निताई, एका हाताने हँडल आणि एका हाताने अक्षतांचा सोगा सांभाळत. भादुडीबाबू कुंपणाच्या कडेने समांतर पळत ओरडत होते, "उडी मारा, मोशाय, उडी मारा!" पण सबनीस उडी मारेनात. वस्तू क्रमांक सत्त्याण्णव त्यांच्या सहीने ताब्यात होती. ती एकटी गंगेत गेली तर उत्तर कुणी द्यायचं?

घाटाच्या अलीकडे दोन नारळांच्या मध्ये वाळत घालायची दोरी होती आणि तिच्यावर आत्यांचं लुगडं. छत्री लुगड्यात शिरली, दोरी तुटली, लुगडं पुढच्या पात्यांत गेलं आणि पात्यांनी ते हावरटासारखं ओढून घ्यायला सुरुवात केली. पाचवारी असतं तर सबनीस त्या दिवशी गंगेला मिळाले असते. हे नऊवारी होतं. सात वार गेल्यावर यंत्र गुरगुरलं, आठ वार गेल्यावर हिसका देऊन हळू झालं, आणि नवव्या वाराला, घाटाची पहिली पायरी दोन हातांवर असताना, गप्प झालं.

त्या शांततेत पावलं वाजली. मैदानाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत, शंभरेक पावलं, कालिंदीआत्या धावत आल्या होत्या. धावत. आल्या त्या पात्यांकडे बघत कमरेवर हात ठेवून सुरूच झाल्या.

"भाल्या गाढवा इंदूरचं लुगडं होतं ते तुझ्या आतोबांनी मला शेवटचं आणलेलं आणि तू ते यंत्राला नेसवलंस आणि वर छत्री धरून मिरवतोस कुणाच्या वरातीला निघाला होतास रे आणि या निताईला आधी माझी चादर पुरली नाही म्हणून लुगडं लागलं आणि हा यादीवाला बघत उभा राहिलाय त्याला म्हणावं लिही यादीत कालिंदीबाईचं लुगडं एक फाटक्या स्थितीत..."

सबनीस अजून बैठकीवरच होते. ते बोलणं ऐकत नव्हते, ते श्वासाची वाट बघत होते. आता थांबेल, आता थांबेल. आत्या थांबल्या नाहीत. सुनीती व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती, तिनेही ते ओळखलं होतं, आणि ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मल्लिकसाहेबांनी पात्यांतून आपली छत्री सोडवली. तिच्या तीन काड्या उरल्या होत्या. ते कितीतरी वेळ यंत्राकडे, क्लचच्या दांड्याकडे आणि हातातल्या मुठीकडे बघत राहिले. अपघाताचा अहवाल लिहायचा तर छत्री लिहावी लागणार, छत्री लिहायची तर ती कुठे अडकवली होती ते लिहावं लागणार. सरकारी माणूस दुसऱ्या सरकारी माणसाला ज्या जागी खरा ओळखतो, ती ही जागा. त्यांनी यादी गुडघ्यावर ठेवून लिहिलं: 'वस्तू क्र. ९७. चालू स्थितीत. प्रत्यक्ष पाहिली.' मग मागे वळून मैदानाकडे पाहिलं. मधोमध एक वाकडातिकडा पट्टा, बाकी सगळं गुडघाभर गवत. त्यांनी पेन झटकलं आणि पुढे लिहिलं: 'मैदान: कापण्यास प्रारंभ झाला आहे.'

"सबनीसबाबू," ते जाताना हळूच म्हणाले, "बाकीचं विळ्यांनी कापून घ्या."

बंगला कायम झाल्याचं पत्र ऑक्टोबरात आलं. सबनिसांनी ते दोनदा वाचलं, पोचपावतीवर सही करण्याआधी पानं मोजली, आणि मग आत्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "म्हणजे माझ्या लुगड्याचं काय ठरलं?" आत्यांनी विचारलं.

यंत्र त्यानंतर सुरू केलं नाही. निताई मिस्त्री छप्पन साली लाँचवरून पाय घसरून पडला आणि बुडाला. कालिंदीआत्या त्या बंगल्यात आणखी साडेसात वर्षं राहिल्या आणि एकोणीसशे एकसष्ट सालच्या चैत्रात, दुपारी, जेवण झाल्यावर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत गेल्या. वय चौऱ्याहत्तर. दम्याने गेल्या नाहीत.